पेटता नळ आणि सहीचा कागद

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००४ नंतर शेल खडकातील नैसर्गिक वायू काढण्याचा जो उद्योग फैलावला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिल्या गेलेल्या मजकुरापैकी फार मोठा भाग पत्रकांचा व प्रतिपत्रकांचा आहे. त्याची वाङ्मयीन चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. तथापि या वादातून जी थोडी गंभीर निर्मिती झाली, तिचा एकत्र विचार अद्याप व्हावा तसा झालेला नाही. जॉश फॉक्स यांचा ‘गॅसलँड’ हा अनुबोधपट (२०१०), शेमस मॅग्रॉ यांचे ‘द एंड ऑफ कंट्री’ हे आत्मपर वृत्तलेखन (२०११), गस व्हॅन सँट यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रॉमिस्ड लँड’ हा चित्रपट (२०१२), जेनिफर हेग यांची ‘हीट अँड लाइट’ ही कादंबरी (२०१६), इलायझा ग्रिझवॉल्ड यांचे ‘अ‍ॅमिटी अँड प्रॉस्पेरिटी’ (२०१८) आणि कॉलिन जेरोलमॅक यांचा ‘अप टु हेवन अँड डाउन टु हेल’ हा समाजशास्त्रीय ग्रंथ (२०२१) अशा सहा कृती येथे विचारात घेतल्या आहेत. या सर्वांचा विषय वरवर पाहता एकच आहे. परंतु त्यांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली नाही. कोणाची नजर नळातून निघणाऱ्या ज्वालेवर आहे, तर कोणाची स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवलेल्या करारपत्रावर. या दोन नजरांतील भेद हाच या वाङ्मयाच्या मूल्यमापनाचा खरा निकष ठरावा, असे या कृतींच्या वाचनातून व अवलोकनातून दिसून येते.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. जमिनीत खोलवर प्रथम उभी आणि नंतर आडवी विंधनविहीर खणावयाची, वाळू व काही रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने तीत सोडावयाचे, आणि खडकाला चिरा पाडून त्यात कोंडलेला वायू मोकळा करावयाचा, अशी ही पद्धत आहे. तिचा पहिला प्रयोग कॅन्सस राज्यात १९४७ साली झाला. टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात ती शेल खडकाला किफायतशीरपणे लागू करून दाखविली आणि पुढे आडव्या विहिरीची जोड मिळताच तिचे रूप पालटले. पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेल बहुतेक ठिकाणी मैलभर वा त्याहून अधिक खोल आहे. या उद्योगाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीला साधारणपणे ४० ते ५० लाख गॅलन पाणी लागत असे, आणि त्यातील जे परत येते ते खारट व दूषित असते. २००५ च्या ऊर्जा कायद्याने या क्रियेला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाविषयीच्या केंद्रीय कायद्यातील भूगर्भ-निक्षेपाच्या नियमांतून, डीझेलचा वापर वगळता, मुक्त केले. इतके तांत्रिक ज्ञान वाचकाजवळ असले की पुरे.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज सामान्यतः खाजगी मालकीचे असते. ज्याची भूमी त्याचेच वरचे आकाश आणि त्याचेच खालचे पाताळ, हे जुने लॅटिन सूत्र तेथे अद्याप जिवंत आहे. जेरोलमॅक यांच्या ग्रंथाचे नावच त्यावरून घेतलेले आहे. मराठी वाचकाची येथे दिशाभूल होण्याचा संभव आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खनिजांवरील हक्क शासनाकडे आहे, आणि विकासाने उद्ध्वस्त केलेल्या गावाची जी कथा मराठीत रुजली ती भूसंपादनाची कथा आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) मधील धरणग्रस्तांपुढे कोणी करारपत्र ठेवून त्यांची संमती मागितलेली नसते. त्यांच्यापुढे येते ती नोटीस. पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यापुढे नोटीस येत नाही. त्याच्या दाराशी कंपनीचा माणूस येतो, कॉफी पितो, गुराढोरांची चौकशी करतो आणि कागद पुढे सरकवितो. शेतकरी सही करतो. ‘झाडाझडती’च्या संस्कारावर पोसलेला वाचक येथे सवयीने शोषक आणि शोषित यांची सरळ विभागणी करू लागतो आणि तीच नेमकी येथे अपुरी पडते.

‘गॅसलँड’चा प्रारंभ या कागदापासूनच होतो, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी फारशी ध्यानात घेतलेली नाही. डेलावेअर नदीच्या खोऱ्यात मिलनव्हिल येथे फॉक्स यांच्या कुटुंबाचे घर व सुमारे २० एकर जमीन आहे. वायू काढण्याच्या हक्कासाठी जवळजवळ एक लाख डॉलर देऊ करणारे पत्र त्यांच्याकडे येते, आणि सही करण्यापूर्वी ते देशभर फिरून सही केलेल्यांची अवस्था पाहावयास निघतात. कल्पना उत्तम आहे. प्रलोभन स्वतःच्या दारी आलेले आहे, आणि त्या प्रलोभनाचा अर्थ लावण्यासाठी प्रवास आहे. परंतु कोलोरॅडोच्या वेल्ड काउंटीत एक गृहस्थ नळाखाली पेटती काडी धरतो, ज्वाला भपकन उसळते, आणि त्या क्षणापासून चित्रपट स्वतःच्या प्रश्नाला विसरतो. पुढचे सारे फिरणे म्हणजे अशा ज्वालांचा शोध होऊन बसते. २०१० च्या सनडान्स महोत्सवात या अनुबोधपटाला विशेष परीक्षक पारितोषिक मिळाले, २०११ मध्ये ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले, आणि पेटता नळ हे एका जागतिक वादाचे चिन्ह बनले. ते चिन्ह प्रभावी होते यात शंका नाही. पाणी आणि अग्नी यांचा परस्परविरोध कोणत्याही संस्कृतीतील माणसाला क्षणात कळतो. भाषांतराची गरज पडत नाही.

परंतु चिन्हाचा प्रभाव आणि चिन्हाचे सत्य या भिन्न गोष्टी आहेत. कोलोरॅडोच्या तेल व वायू नियामक मंडळाने २०१० साली जाहीर केले की, चित्रपटातील तेथल्या तीन विहिरींपैकी दोहोंतील वायू जैविक उगमाचा, म्हणजे भूजलाच्या थरातच निर्माण झालेला आहे. तिसरीत मात्र खोल खडकातील वायूचा अंश आहे. त्या भागातील भूजलात मिथेन आढळतो, अशी नोंद १९७६ च्या एका शासकीय अहवालातही होती. फेलिम मॅकअलीर व अ‍ॅन मॅकएल्हिनी यांच्या ‘फ्रॅकनेशन’ (२०१३) या प्रत्युत्तरादाखल काढलेल्या अनुबोधपटाने हाच धागा पकडला आणि ज्वाला खोटी, म्हणून सारी तक्रारच खोटी, असा सोयीस्कर निष्कर्ष प्रेक्षकांच्या मनावर बिंबविण्याचा प्रयत्न केला. वस्तुतः पेनसिल्व्हेनियातील स्थिती वेगळी होती. सस्क्वेहाना काउंटीतील डिमॉक या गावी १ जानेवारी २००९ रोजी एका घरच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली ईशान्य पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्कमधील पाण्याच्या विहिरी तपासल्या, तेव्हा वायुविहिरींपासून एक किलोमीटरच्या आत मिथेनचे प्रमाण बरेच अधिक आढळले. मात्र खडक फोडण्यासाठी वापरलेल्या द्रवाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दोष बहुधा खोलवरच्या चिरांचा नसून विहिरीत उतरविलेल्या पोलादी नळीचा आणि तिच्याभोवतीच्या सिमेंटचा असतो. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०१५ मधील मसुद्यात व्यापक परिणामाचा पुरावा नसल्याचे विधान होते. शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने त्यास आधार मागितल्यावर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वगळण्यात आले, आणि विशिष्ट परिस्थितीत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो एवढे नमूद झाले. दोन्ही चित्रपटांच्या घोषणांना पुरेल असे यात काहीच नाही.

येथे फॉक्स यांच्यावर असत्याचा आरोप करण्याचा हेतू नाही. दोष कलेचा आहे. एकदा ज्वाला हाच पुरावा मानला की, सारा वाद वायूच्या उगमाच्या प्रयोगशाळेतील निर्णयावर येऊन ठेपतो. मग ज्या गावात पाणी शुद्धच राहिले, तेथे काही घडलेच नाही असे मानावे लागते. पण तेथेही बरेच काही घडलेले असते. रात्रंदिवस मालमोटारी धावतात, घरभाडी वाढतात, आणि एका शेतकऱ्याला एकरी २५ डॉलर तर त्याच्याच शेजाऱ्याला दोन वर्षांनी एकरी हजारो डॉलर मिळाल्यामुळे एकाच चर्चमध्ये बसणारी दोन कुटुंबे एकमेकांशी बोलेनाशी होतात. हे चित्रित करण्यास ज्वालेचा उपयोग नाही. शिवाय फॉक्स यांच्या पत्राचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. डेलावेअर खोऱ्याच्या आयोगाने त्या खोऱ्यात ही क्रिया प्रथम रोखून धरली आणि २०२१ साली तिच्यावर कायमची बंदी घातली. म्हणजे मिलनव्हिलच्या सहीचा प्रश्न एका सार्वजनिक संस्थेने सोडविला. डिमॉकच्या माणसाला अशी संस्था लाभलेली नव्हती. हा फरक चित्रपटाच्या जाणिवेतच शिरत नाही.

मॅग्रॉ यांच्या पुस्तकाची प्रतिष्ठा याच कारणाने अधिक मानली पाहिजे. ईशान्य पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या आईच्या शेतावर करारपत्र आले आणि कुटुंबाने सही केली. लेखक ते लपवीत नाही. त्याच्या गद्यात विनोदाचा सोस जरा जास्त आहे, आणि काही शेजाऱ्यांच्या व्यक्तिरेखा लोककथेतील पात्रांसारख्या गोंडस झाल्या आहेत. परंतु पैसा घेतलेल्या माणसाने, पैसा घेत असतानाच्या मनाचे केलेले वर्णन या विषयात दुर्मिळ आहे. कर्जात रुतलेल्या दुग्धव्यवसायाला, पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचीत आलेल्या माणसाला, जमिनीने प्रथमच काही देऊ केल्याचा जो आनंद होतो, त्याला लोभ म्हणून मोकळे होता येत नाही, हे या पुस्तकाने सांगितले.

‘प्रॉमिस्ड लँड’ची कथा डेव्ह एगर्स यांची आणि पटकथा मॅट डेमन व जॉन क्रसिन्स्की यांची आहे. सही हाच या चित्रपटाचा विषय आहे, आणि पूर्वार्धात तो फार समजूतदारपणे हाताळलेला आहे. कंपनीचा प्रतिनिधी स्टीव्ह बटलर हा आयोवातील शेतकरी कुटुंबातून आलेला. आपले शहरी रूप झाकण्यासाठी तो व त्याची सहकारी गावातल्याच दुकानातून कपडे विकत घेतात, या एका प्रसंगात करार मिळविण्याच्या कलेचे सारे मर्म आले आहे. पण पुढे गावात पर्यावरणवादी म्हणून अवतरलेला तरुण कंपनीचाच हस्तक असल्याचे रहस्य फुटते आणि चित्रपट कोसळतो. संमतीचा गुंता फसवणुकीच्या कोड्यात विरघळतो. नैतिक निर्णयाचा भार गावकऱ्यांवरून उचलून बटलरच्या खांद्यावर ठेवला जातो. गाव केवळ त्याच्या पश्चात्तापाचे साक्षीदार उरते. लिंबाचे सरबत विकणारी मुलगी जादा पैसे परत करते, त्या दृश्याची भाबडी सूचकता तर प्रौढ प्रेक्षकाला अवघडूनच टाकते.

याहून गंभीर असा आणखी एक दोष आहे. चित्रपटात साऱ्या गावाने शाळेच्या सभागृहात जमून मतदान करावयाचे ठरते. दृश्य म्हणून ते उठावदार आहे. वास्तव म्हणून विपरीत आहे. करार करावयाचा की नाही यावर पेनसिल्व्हेनियातील गावाने मत द्यावयाचे नसते. प्रत्येक जमीनमालक एकटा सही करतो, आणि शेजाऱ्याला ते पुष्कळदा नंतरच कळते. किंबहुना चित्रपट प्रदर्शित झाला त्याच २०१२ साली राज्याच्या विधिमंडळाने १३ क्रमांकाचा कायदा करून वायुविहिरी कोठे असाव्यात हे ठरविण्याचा गावांचा मर्यादित अधिकारही काढून घेतला होता. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, संविधानातील १९७१ च्या पर्यावरणहक्कविषयक दुरुस्तीचा बहुतांशी आधार घेऊन, त्या तरतुदी रद्द ठरविल्या. जे गावाजवळ नव्हते, तेच चित्रपटाने त्याला बहाल केले. गाव एकत्र बसू शकले असते तर कदाचित ही कथाच निराळी झाली असती, हे दुःख त्यामुळे झाकले गेले.

‘हीट अँड लाइट’मध्ये हे एकटेपण आहे. हेग यांचे बेकर्टन हे कल्पित गाव त्यांच्या पूर्वीच्या ‘बेकर टॉवर्स’ (२००५) या कादंबरीतून वाचकांच्या परिचयाचे झालेले. कोळशावर वाढलेले आणि कोळशाबरोबर संपलेले. वायू हा त्याच्यावरील पहिला घाला नाही. तुरुंगात पहारेकऱ्याचे काम करणारा रिच डेव्हलिन हा शेती करण्याचे स्वप्न पुरे व्हावे म्हणून खनिजाचे हक्क देतो. मॅक आणि रेना या शेजारणी मात्र आपल्या सेंद्रिय दुग्धालयासाठी नकार देतात. शेती वाचविण्यासाठी एकाने सही करावी आणि शेती वाचविण्यासाठीच दुसऱ्याने ती नाकारावी, या रचनेत कादंबरीचे बळ आहे. रिचची पत्नी शेल्बी हिला पाण्याला विचित्र वास येतो आणि त्याने आपली अशक्त मुलगी आजारी पडते असे वाटते. आजार पाण्याचा की आईच्या मनाचा, याबद्दलची शंका लेखिका वाचकाच्या मनात जागती ठेवते. प्रचारकाला ही अनिश्चितता परवडली नसती. कादंबरीकाराला ती आवश्यक होती. कारण पाण्याच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या घरात माणसे प्रत्यक्षात याच अनिश्चिततेत राहतात. मात्र पात्रांची गर्दी, कंपनीच्या टेक्सासमधील प्रमुखापासून कार्यकर्त्यांपर्यंत साऱ्यांना न्याय देण्याचा अट्टहास, आणि थ्री माइल आयलंडच्या १९७९ च्या अणुअपघातापर्यंत मागे जाणारे कथानक यांमुळे कादंबरी मध्यंतरी विखुरते.

या सहा कृतींत श्रेष्ठ कोणती असे विचारल्यास ग्रिझवॉल्ड यांच्या पुस्तकाचे नाव घ्यावे लागेल. २०१९ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले हे त्याचे कारण नव्हे. अ‍ॅमिटी आणि प्रॉस्पेरिटी ही वॉशिंग्टन काउंटीतील दोन खरीखुरी गावे. एकाच्या नावाचा अर्थ सलोखा, दुसऱ्याच्या नावाचा अर्थ भरभराट. एखाद्या सामान्य लेखकाने या नावांतील उपरोध पानोपानी उगाळला असता. ग्रिझवॉल्ड तो शीर्षकात ठेवून गप्प बसतात. मूळच्या कवयित्री असल्यामुळे कोठे थांबावे हे त्यांना कळते. त्यांची नायिका दोन मुलांची आई असलेली परिचारिका. टेकडीवर सांडपाण्याचे तळे होते, मुलगा आजारी पडतो, पाळलेली जनावरे दगावतात. पण लेखिका वारंवार आठवण देते की या बाईनेही करारावर सही केलेली आहे. तिला गोठा बांधावयाचा होता. या तपशिलाने सहानुभूती उणावत नाही, तर तिला खोली येते. स्वतःच्या दुर्दैवात स्वतःचाही हात आहे की काय, हा प्रश्न त्या बाईला रात्री झोपू देत नसावा, असे वाचकाला वाटत राहते. पुस्तकाच्या उत्तरार्धात १३ क्रमांकाच्या कायद्याविरुद्धचा लढा येतो. न्यायालयीन भाग आवश्यक असला तरी घरातील भागाइतका जिवंत नाही. आणि ज्यांना स्वामित्वधनाने खरोखर सुख आले त्या शेजाऱ्यांच्या घरात लेखिका फारशी जात नाही, ही उणीवही मान्य केली पाहिजे.

ती उणीव जेरोलमॅक यांनी भरून काढली. लायकमिंग काउंटीतील विल्यम्सपोर्टच्या परिसरात राहून त्यांनी केलेल्या अभ्यासाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे की, पट्टा देण्याचा निर्णय खाजगी असतो आणि त्याचे परिणाम सार्वजनिक असतात. ज्यांना कराराचा पश्चात्ताप झाला, तेही दुसऱ्याला करार करण्यापासून रोखणाऱ्या कायद्याला तयार नसतात. कारण आपल्या जमिनीवर आपलेच राज्य असावे ही त्यांची श्रद्धा पाण्याच्या चवीपेक्षा खोल रुजलेली आहे. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु स्वातंत्र्याच्या या कल्पनेवर जेरोलमॅक जरा अधिक भार टाकतात. नकार देण्याचे स्वातंत्र्य व्यवहारात किती उरते? आसपासच्या सर्वांनी सही केल्यावर एकट्याच्या नकाराने मालमोटारी थांबत नाहीत. शिवाय २०२० साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो आपल्या विहिरीतून वायू काढील त्याचा तो वायू हा जुना नियम फ्रॅकिंगलाही लागू केला; शेजारच्या विहिरीकडे आपला वायू वाहून गेला, एवढ्या कारणाने नकार देणाऱ्याला दाद मिळत नाही. सही करणाऱ्यालाही आपण कशावर सही केली हे उशिरा उमगते. १९७९ च्या कायद्याने स्वामित्वधन निदान एक अष्टमांश ठरविलेले आहे. पण वायू बाजारापर्यंत नेण्याचा खर्च त्यातून कापता येतो, असा निर्णय २०१० साली झाला. याला केवळ वैचारिक श्रद्धेचे फळ म्हणणे पुरेसे नाही.

या वाङ्मयाच्या कक्षेत दुसराही एक कागद येतो, आणि त्याच्याकडे समीक्षकांचे लक्ष जाणे अगत्याचे आहे. पहिल्या कागदाने वायू दिला जातो, दुसऱ्याने वाणी. पाणी बिघडल्याची तक्रार बहुधा तडजोडीत संपते आणि तडजोडीला मौनाची अट असते. वॉशिंग्टन काउंटीतीलच एका कुटुंबाने २०११ साली अशी तडजोड केली, तेव्हा मौनाची अट त्यांच्या ७ व १० वर्षांच्या मुलांनाही लागू आहे काय, अशी चर्चा न्यायाधीशांसमोर झाली. कागदपत्रे खुली झाल्यावर २०१३ साली ती लोकांना कळली. साक्षीदाराने बोलणे हीच ज्या वाङ्मयाची सामग्री, त्याला ही अट मुळाशीच छेद देते. अनुबोधपटकाराला ज्वाला का हवीशी वाटते, याचा थोडासा उलगडाही येथे होतो. ज्वालेकडून कोणी मौनाच्या अटीवर सही घेऊ शकत नाही. माणसाकडून घेता येते. ग्रिझवॉल्ड यांनी त्या परिचारिकेच्या घरी वर्षानुवर्षे जाऊन जे टिपून ठेवले, त्याचे मोल या दृष्टीने वाढते. तिचा दावाही २०१८ साली तडजोडीनेच मिटला.

आणि ज्याच्याजवळ सही करण्यासारखे काहीच नव्हते, तो? २०१२ साली लायकमिंग काउंटीत जर्सी शोअर गावाजवळ सस्क्वेहाना नदीच्या काठी फिरत्या घरांची एक वसाहत होती. खडक फोडण्यासाठी नदीचे पाणी उपसण्याचे केंद्र उभारावयाचे म्हणून ती जागा विकली गेली आणि तेथील कुटुंबांना उठून जावे लागले. जागा भाड्याची होती. खाली वायू असो वा नसो, त्यावर त्यांचा हक्क नव्हता. त्यांच्या नळाला ज्वाला नव्हती आणि त्यांच्या टेबलावर करारपत्रही आले नाही. ‘झाडाझडती’च्या वाचकाला ही माणसे तत्काळ ओळखीची वाटतील, कारण त्यांना मिळाली ती नोटीसच होती. करारपत्राभोवती रचलेल्या या वाङ्मयात ती काठावरच राहिली आहेत.